पक्का डाग

माझा धाकटा भाऊ सोल्डरिंगला, म्हणजे कथील वितळवून तारा जोडण्याला, ‘डाग देणं’ म्हणायचा. ब्रेडबोर्डवर सर्किट जुळवायचा आणि महिनोन् महिने तसंच ठेवायचा. त्या पाटीच्या भोकांत नुसत्या खोचलेल्या तारा हव्या तेव्हा उपसता येतात. “डाग देला का संपलं,” तो म्हणे. “मंग चूकबी पक्की होते.”

उतारवयात आईचं ऐकू येणं गेलं. अकोल्याच्या घरात तिच्यासाठी त्याने एक सर्किट केलं: दाराचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात लाल दिवा लुकलुकायचा. तेही ब्रेडबोर्डवरच राहिलं. या उन्हाळ्यात तो गेला; त्याला मी अग्निडाग दिला.

नंतर एकदा झाडताना फडा लागून तार निसटली. सिलेंडरवाला बटण दाबून दाबून परत गेला. आई आतच बसलेली. माझी नोकरी अमरावतीला, आणि ती इथून हलायला तयार नाही. म्हणून ते सर्किट पक्क्या बोर्डवर घ्यायचं ठरवलं.

“तुले येते का थे?” आईने विचारलं.

मी हातानेच ‘येतं’ म्हणालो.

“पुस्तक वाचून भाकरीबी करशीन तू.”

सुटे भाग तेच वापरायचे होते. मांडणी भोकास भोक उतरवून घेतली आणि त्याने खोचलेल्या तारा एकेक करून काढल्या. दुपारभर डाग दिले. बटण दाबलं. दिवा लागला नाही.

ब्रेडबोर्ड असता तर एखादी तार हलवून पाहिली असती. इथे प्रत्येक शंकेसाठी डाग वितळवायचा, आणि फार तापवलं की भोकाभोवतीची तांब्याची चकतीच उचलून येते. मल्टिमीटर लावला; जोड असला की तो वाजतो, पण जिथे वाजायला हवा तिथे वाजेना. आई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

बऱ्याच वेळाने कळलं. ब्रेडबोर्डच्या एका ओळीतली पाच भोकं आतून पत्र्याने जोडलेली असतात. नव्या बोर्डवर प्रत्येक भोक एकटं. मी दिसत होतं तेवढंच उतरवलं होतं.

राहिलेल्या जोडण्या केल्या आणि बाहेर जाऊन बटण दाबलं. दार लगेच उघडलं. आईचे हात पिठाचे होते.

“तू होय काय,” ती म्हणाली, आणि आत गेली.

दिवा लागतो. पण एक डाग राखाडी राहिला आहे, नीट चमकत नाही. असा जोड केव्हाही सुटतो. पुन्हा तापवला तर चकती निघेल म्हणून हात धजावला नाही. संध्याकाळच्या एसटीने निघालो. दिवा लागतो का, हे आईला फोनवर विचारता येत नाही.