गोधडीखालचा रेडिओ

माझी नात घरी बसून शेअर बाजाराचं काम करते. मागे तिला नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता तर घरात दुसरा विषयच नाही. याचा पंखा घरघर करतो, तो तापला की अडखळतो, आणि बाजार चालू असताना अडखळला तर संपलंच म्हणे. मला म्हणाली, "आजी, आवाज बिलकुल नको आन काम झटक्यात पाहिजे, असं मशीन शोधून राह्यली मी." मी म्हटलं, बाई, असं मशीन आम्हीही शोधलं होतं. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करते. गंमत नव्हती हो. माझं माहेर पणाला लागलं होतं तेव्हा.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मेहकरला नवी सून. सासरे, म्हणजे मामाजी, कापसाचे अडत्ये. शेतकऱ्याचा माल आपल्या कोठ्यात उतरवून घ्यायचा आणि गिऱ्हाईक पाहून विकून द्यायचा, हा धंदा. पुढे दुकान, मागे घर, मधल्या दाराला पडदा. आणि भाव कधी तोंडानं बोलायचा नाही, बरं का. देणारा-घेणारा समोरासमोर बसत, हातांवर मोठा रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. कितव्या बोटाचा काय अर्थ ते ठरलेलं. मूठ आवळली की समजायचं, सौदा नाही. बाजारात उघडा लिलाव सुरू झालेला होता, पण जुन्या माणसांचा जीव रुमालातच. वर गप्पा लग्नकार्याच्या, खाली बोटांची झोंबाझोंबी! ती बोटांची भाषा मामाजींनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शिकवली होती. आत्याबाईंनी मला शिकवली, पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या हातानं.

त्या साली माझ्या बाबांनी आपला सगळा कापूस आमच्या कोठ्यात आणून टाकला. माझं माहेर हिवऱ्याच्या अंगाला. आई नको नको म्हणत होती, सोयऱ्याशी व्यवहार केला की सोयरीकही जाते आणि व्यवहारही. बाबांनी ऐकलं नाही. बाकीच्यांनी दिवाळीच्या मागेपुढे माल विकून टाकला, मामाजी मात्र बाबांना म्हणत राहिले, थांबा, चढणार आहे. भाव काही चढेना. बाबा दर बाजाराला यायचे, कोठ्यात जाऊन कापसावरून हात फिरवायचे आणि माझ्याशी न बोलता निघून जायचे. मला कळत होतं. यात फसगत झाली तर "पोरीच्या सासऱ्यानं बुडवलं" एवढं एकच वाक्य गावभर फिरणार, आणि मग मला माहेरचा रस्ता बंद. कोणत्या तोंडानं जाणार?

मुंबईचा खरा भाव आधी दलालांना तारेनं कळायचा. आम्हाला ते सांगतील तो. म्हणून मामाजींनी रेडिओ घ्यायचं मनावर घेतलं, संध्याकाळी त्यावर बाजारभाव सांगत. दुकानदारानं त्यांना दोन दाखवले. एक लाकडी पेटीचा, विजेवरचा, आत काचेचे दिवे असलेला. दुसरा बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर. दुकानदारानं गाणं लावून दुकान दणाणून सोडलं. मामाजी म्हणाले, "मोठा नोका करू. बारीक करून दाखवा. अगदी बारीक केल्यावर काय आयकू येते ते मले पाह्याचं हाय."

दुकानदार म्हणे, "शेटजी, आवाज कमी मागणारं गिऱ्हाईक जिंदगीत पहिल्यानं पाह्यलं!"

त्याला काय ठाऊक. भाव माहीत असणं ही एक गोष्ट, पण आपल्याला भाव माहीत आहे हे समोरच्याला माहीत नसणं, ही खरी कमाई. बारीक आवाजात मोठी पेटी गोड वाजली. छोट्याला ते "पोराचं खेळणं" म्हणाले. पेटी घरी आली.

पेटीला एक खोड होती. बटण फिरवल्यावर ती तापायची, आणि तापल्यावरच बोलायची. तरी मामाजींचं समाधान होईना. पलीकडे दुसऱ्या अडत्याचं दुकान, मध्ये नुसती पत्र्याची भिंत. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, पेटीवर गोधडी टाका आणि सूनबाईला म्हणावं, गोधडीत डोकं घालून ऐक. ज्या धंद्यात सगळं कापडाखाली चालतं तिथं रेडिओ तरी उघडा कसा ठेवणार? कुणाला वेगळं काही वाटलंच नाही.

एका संध्याकाळी खामगावकडचा दलाल आला. बाबाही होते, गादीच्या टोकाला पाहुण्यासारखे बसलेले. दलाल म्हणाला, "शेटजी, आज देऊन टाका. तार आली हाय मले. उद्यापासून भाव पडते. मंग मले नावं ठेवू नोका."

बाबांचा चेहरा मी पडद्याच्या फटीतून पाहिला. ते मामाजींना हळूच म्हणाले, "देऊन टाका ना, इवाईबुवा. लय थांबलो."

मामाजी म्हणाले, "चहा तं घेऊ द्या पाहुण्याले." ही आम्हाला खूण होती. मी भाव ऐकायचा, आत्याबाईंना बोटांवर सांगायचा. आत्याबाईंनी चहामागून पानाचं तबक न्यायचं आणि तबकाखाली मामाजींचा हात दाबायचा.

मी पेटी चालू केली, गोधडीत डोकं घातलं. आत उकडत होतं. पेटी बोलायला लागली, बातम्या संपत आल्या, "आता बाजारभाव" असं म्हणाली, आणि चर्र झालं. नाकात जळका वास भरला. मी गोधडी फेकली तर पेटीच्या मागून धूर! पेटी मुकी झाली. मी बटण बंद केलं.

बाहेरून दलालाचा आवाज आला, "तुमच्या घरात काय जळून राह्यलं हो शेटजी?"

मामाजी म्हणाले, "भाजी लागली असंल बुडाले. सून नवी हाय."

आत्याबाई चहा देऊन आत आल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, "आत्याबाई, मी नर्सबाईकडं जाऊ?"

मागल्या गल्लीत दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहायच्या. त्यांच्याकडे छोटा ट्रान्झिस्टर होता, रोज ओट्यावर उघड्यावर लागायचा. नर्सबाई बौद्ध, आणि आमच्या घरचं कुणी त्या ओट्याची पायरी चढत नसे. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "जाय," म्हणाल्या. "पळत जाय."

मी मागच्या दारानं धावले, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. ओट्यावर बाया डाळ निवडत बसलेल्या, ट्रान्झिस्टरवर कुणीतरी गात होतं. बाजारभाव होऊन गेले होते.

"कापसाचं काय सांगतलं वं?" मी विचारलं.

"अगं बाई! अडत्याची सून आपल्याले भाव पुसून राह्यली!" एकीनं टोला दिलाच. दुसरी म्हणाली, "उतरला म्हणे."

मी माघारी वळले.

"तो शेंगदाणा वं," नर्सबाई आतून हात पुसत आल्या. "कापूस चढला. चांगलाच चढला. मी कान देऊन आयकलं, माह्या भावाच्या घरी कापूस पडून हाय नं. काऊन, काय झालं? बैस, पाणी घे."

पाणी प्यायला वेळ नव्हता. मी परत पळाले. आकडा माझ्याकडे नव्हता, पण आकड्याची गरजही नव्हती. मी आत्याबाईंपुढे मूठ आवळून धरली.

त्यांनी तबक उचललं. फटीतून पाहते तर रुमाल पडलेला, त्याखाली मामाजींचा उजवा हात दलालाच्या हातात गेलेला. आत्याबाई सरळ पुढे गेल्या.

दलाल वैतागला, "वैनी, पान मंग. सौदा होऊन राह्यला."

"पानाबिगर सौदा गोड होत नाही, भाऊ," आत्याबाई म्हणाल्या आणि तबक मामाजींच्या डाव्या अंगाला धरून उभ्या राहिल्या. मामाजींनी डाव्या हातानं तबक खालून धरलं, म्हणजे मूठ पोचली. चेहऱ्यावर काही नाही. त्याच हातानं पान उचललं, तोंडात घातलं, सावकाश चावलं. मग दलालाच्या भुवया वर गेल्या. रुमालाखाली मूठ आवळली गेली होती.

"पस्तावाल," दलाल रुमाल ओढून घेत म्हणाला.

"पस्तावलो तं तुमच्याच दारी येतो."

तो गेला, आणि बाबा उठले. माझ्या बाबांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "माल माहा होता. एकडाव मले पुसलं असतं." आणि अंधार पडायच्या आत बस गाठायची म्हणून निघून गेले. मामाजी त्यांना थांबवू शकत होते. पण भाव बोलून दाखवायची सवयच नाही, तर बोलणार काय? मला मागून धावत जाऊन सांगावंसं वाटलं. भर बाजारपेठेतून सुनेनं बापामागे धावायचं? नाही धावले. रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

चढलेला भाव खराच होता. दलाल स्वतःच परत आला, हसत हसत, आणि या खेपेला रुमालाखाली त्याचीच बोटं भराभर चालली. बाबांचा कापूस त्यांनी मनात धरलेल्या भावाहून वर गेला. बाबा आले तेव्हा मामाजींनी त्यांना दुकानात नाही बसवलं, पडदा सारून आत आणलं आणि जळकी पेटी दाखवली. सगळं सांगितलं. बाबा पेटीकडे पाहत राहिले, मग गोधडीकडे, आणि असे हसले की आत्याबाईंनाही हसू आवरेना. जाताना मला म्हणाले, "संक्रांतीले येजो."

आत्याबाई त्याच दिवशी नर्सबाईंकडे गेल्या, माझ्या वाट्याचं पाणी प्यायला, असं म्हणाल्या. पायरी चढल्या आणि बसल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं त्या दुकानी गेलो. दुकानदारानं दोन-तीन छोटे ट्रान्झिस्टर मांडले. मामाजींनी एकेक उचलला, खाली ठेवला. तोवर ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते, जे सांगायचं ते आत्याबाईंच्या मार्फत. त्या दिवशी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आयक, बाई. आयकणारी तूच हायेस."

मी एकेक कानाला लावला. एक फार खरखरत होता. एकाचा आवाज मोठा गोड, पण बारीक केला की विझूनच जायचा. तिसरा दिसायला अगदी साधा, पण बटण फिरवताच बोलला, आणि बारीक केल्यावरही शब्द न् शब्द वेगळा.

"हा," मी म्हटलं.

पेटी कशी जळली ते दुकानदाराला कळलेलं. म्हणाला, "हा तापत नाही, शेटजी. झाका आता खुशाल."

मामाजींनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, पण घेतला तोच. त्यानंतर कितीतरी हंगाम संध्याकाळी मी तो कानाला लावून चुलीपाशी बसायची, दुसरा हात आत्याबाईंच्या पदराखाली, त्यांच्या हातात. भाव आला की मी बोटं दाबायची आणि त्या पानाचं तबक उचलायच्या.