मासळीच्या गाडीची डिझेल टाकी

मोऱ्याच्या बंदरावरून पनवेलच्या बाजारात मासळी आणायचं काम मी माझ्या जुन्या ट्रकवर बरीच वर्षं करतोय. एके सकाळी माल उतरवताना, बंदरावरून माझ्या गाडीत टोपल्या चढवून इथे विकणाऱ्या एका कोळीण मावशीने टोपलीतली सुरमई उचलली, हुंगली आणि परत टाकून दिली.

"दादा, याला डिझेलचा वास हाय."

"कसं शक्य आहे मावशी? टाकी बाहेर, माल आत."

"मला नको इचारू. तूच हुंग. आमी काय खोटं बोलतो?"

हुंगलं. वास होता. गाडीखाली वाकून पाहिलं तर टाकी बुडाशी ओली होती. गळणारं डिझेल मागच्या चाकाने उडवलं होतं आणि फळ्यांच्या फटींतून ते खालच्या टोपल्यांपर्यंत पोचलं होतं. टाकी नीट होईपर्यंत आपला माल माझ्या गाडीत चढणार नाही, असं मावशीने तिथल्या तिथे सांगून टाकलं. बाकीच्या बायका तिच्याकडे बघून ठरवतात, हे मला माहीत होतं.

मग सगळे ड्रायव्हर करतात तेच मी केलं. कपड्याचा साबण मळून चिरेत दाबला आणि मिळेल तो माल नेत चार दिवस ढकलले. पाचव्या दिवशी जासईजवळ कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत अडकलो असताना मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. उतरलो. एक बाई स्कूटरसकट आडवी झाली होती. कोपर सोललं होतं, दुसरं काही लागलं नव्हतं. तिच्या चाकाखाली माझ्या गाडीपासून निघालेला डिझेलचा ओघळ होता.

मी स्कूटर उभी करून दिली. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "गळतंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला सुचलंच नाही.

तिने रुमाल कोपराला बांधला आणि निघून गेली. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी टाकी उतरवून वेल्डिंगवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी हातही लावला नाही. "आधी धुवून आण. रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ राहते. ठिणगी पडली तर तूही नाहीस आणि मीही नाही."

खांदा कॉलनीत आमच्या इमारतीखाली सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा टाकी धुतली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. वासावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं ते वेगळंच. परत नेली तर चाचांनी बुडाला हातोडीने हलकेच ठोकलं आणि हातोडीचं टोक आत गेलं. ज्या पट्ट्यांनी टाकी गाडीला बांधलेली असते, त्यांच्याखालचा पत्रा पार सडला होता.

"याला जोडायचं कशाला? पत्राच उरला नाही. मिठाने खाल्लाय. मासळी नेतोस ना?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टोपल्यांतलं बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं फळ्यांतून थेट टाकीवर पडत होतं. माझं डोकंच फिरलं. तसाच बाजारात गेलो आणि मावशीला म्हणालो, "तुमच्याच पाण्याने माझी टाकी खाल्ली."

ती सुरमईचे तुकडे करत होती. हात न थांबवता म्हणाली, "पानी आमचं हाय. पण गाडी तुजी. खाली वाकून बघायचं काम कुनाचं?"

एका गिऱ्हाइकाने बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा हललो.

या मॉडेलची नवी टाकी आता मिळत नाही. कळंबोलीच्या भंगारात तीन टाक्या पाहिल्या. पहिलीला पोचा होता, दुसरीत गंजाचा चिखल, तिसरी धड निघाली पण लांबीने जास्त. मग पट्टे तोकडे पडले, ते चाचांकडून वाढवून घेतले. जुन्या टाकीतला, डिझेलचा काटा चालवणारा तरंगता गोळा हिच्यात बसेना, तो एकदाचा कसातरी बसवला. या सगळ्यात दहा दिवस गाडी उभी. टाकीच्या वर पत्र्याची पन्हळ मारून खारं पाणी बाजूला काढलं. ते काम मला पहिल्याच वर्षी सुचायला हवं होतं.

अकराव्या दिवशी बंदरावर गेलो. मावशीने पन्हळ वाकून पाहिली, पाणी कुठे पडतं ते विचारलं आणि अर्ध्या टोपल्या माझ्या गाडीत चढवल्या. बाकीच्या अर्ध्या दुसऱ्या टेम्पोत. गाडी उभी होती त्या दहा दिवसांत टेम्पोवाल्यालाही शब्द दिलाय, म्हणाली. काही महिने झाले, अजून तसंच चाललंय.

डिझेलचा काटा मात्र कायम अर्ध्यावर उभा असतो. रोज टाकीचं झाकण उघडून आत काठी घालून बघतो आणि मगच निघतो.