आईच्या वरची जागा

बाई गेल्या तेव्हा मला त्यांच्याकडे सहा वर्षं झाली होती. मी भंडाऱ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. पुण्यात माझं कुणी नव्हतं. बाई ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, एकट्या. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी मला ठेवून घेतलं आणि रोज मोठ्यानं पेपर वाचायला लावला. मला वाचता येतं ते त्यांच्यामुळे.

त्यांचं मागणं एकच होतं, आईच्या कबरीत जागा. त्यांच्यात घराण्याची कबर खोल खणतात. बरीच वर्षं उलटली की तीच उघडून वर दुसरं माणूस ठेवतात. दर नोव्हेंबरात आम्ही तिला चुना लावायला जायचो. बाई कठड्यावर बसून म्हणायच्या, "खाली बाबा, मग आई, तिच्या वर मी. लहानपणी झोपायचे तशी."

बाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या भाचीबरोबर मी दफनभूमीच्या कचेरीत गेले. कारकुनानं वही उघडली.

"कबर अजून यांच्या वडलांच्याच नावावर. नाव बदलून घेतलं नाही?"

"आत्या म्हणायची, मेलेल्यांच्या जागेवर कोण हक्क सांगणार?"

"जिवंतच सांगतात, मॅडम. सगळ्या वारसांची ना-हरकत आणा. नाहीतर गावाबाहेर नवी जमीन आहे, उद्या खणून देतो."

वारस दोघंच होते, ती आणि अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करणारा तिचा भाऊ. भाचीनं सायबर कॅफेतून त्याला कळवलं, तिथंच त्याचं उत्तर आलं. "ना-हरकत पाठवतो, पण कागद करतोच आहोत तर खोल्यांवरचा हक्कही सोडून दे. आत्यानं त्या मला देते म्हटलं होतं."

भाची बालवाडीत शिकवायची, कात्रजला भाड्यानं राहायची. अर्ध्या खोल्या तिच्या होत्या. त्या गेल्या की मीही रस्त्यावर. मी बोलून गेले, "ताई, नव्या जमिनीत ठेवलं तर चालनार नाही का जी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चुना लावायला तूच यायचीस ना?"

ओशाळून मी तिच्यामागं चालू लागले.

तिनं स्टॅम्पपेपरवर हक्क सोडला, अगदी भाजीची यादी लिहावी तसा. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. कागद फॅक्सनं तिकडे गेला, संध्याकाळपर्यंत भावाची ना-हरकत इकडे आली.

दुसऱ्या दिवशी कबर उघडली. खणणारा छातीइतका खाली उतरला आणि थांबला. फावडं बाजूला ठेवून त्यानं हातानं माती सारली, तर खाली आधीच्या पेटीवरची फरशी दिसली.

"इथं तुमच्या आजीबाई," तो हळूच म्हणाला.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी राख वैनगंगेत सोडतात, मग माणूस म्हणजे नुसतं पाणी. इथं एक आई इतकी वर्षं लेकीसाठी जागा धरून होती, आणि त्या हातभर मातीसाठी एका बालवाडीच्या बाईनं पुण्यातलं घर सोडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी चपला काढल्या. दोन दिवस मला खाणारा घोर त्या काठावर कुठं गेला कळलं नाही.

बाईंना आईच्या वर ठेवलं. भाची वाकून म्हणाली, "आत्या, पोचलीस गं."

माती लोटून झाल्यावर आम्ही फाटकाकडे निघालो.

"घोरतेस का?" तिनं विचारलं.

"नाही जी."

"मी घोरते. आणि खोली एकच आहे. चल."