उसन्या नावाचा स्टॉपर

दौंडच्या रेल्वे कॉलनीबाहेर एक चहाची टपरी होती. एप्रिल संपत आला की तिच्या बाकड्यांवर एक मंडळ बसायचं आणि मे महिन्यातल्या टुर्नामेंटसाठी आपल्या क्लबानं बाहेरून कोणते प्लेअर आणावेत यावर तोंडाची वाफ दवडायचं. त्यातल्या एकाही माणसानं जन्मात बॉलला डोकं लावलेलं नव्हतं. पण बोलणं असं, की हे नसते तर फुटबॉल जन्मालाच आला नसता.

मी मूळचा वडगाव रासाईचा, म्हणजे भीमेच्या शिरूरकडच्या काठावरचा. आमच्याकडं खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. कुरकुंभच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दौंडला ताईकडं, तिच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो. ताईचे यजमान, आमचे दाजी, लोको शेडमध्ये फिटर होते आणि कॉलनीच्या क्लबाचे स्टॉपर. स्टॉपर म्हणजे गोलच्या पुढं उभा राहून शेवटचा हल्ला अडवणारा माणूस. दाजी धिप्पाड नव्हते, फार पळायचेही नाहीत. पण बॉल कुठं येणार हे त्यांना आधी कळायचं आणि तिथं ते उभे असायचे. समोरच्याला पाडून, त्याला हात देऊन उठवणारा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. इतक्या वर्षांत रेफरीनं त्यांना एकदाही कार्ड दाखवलं नव्हतं. कॉलनीत त्यांना सगळे फिटर म्हणत.

दोन हजार सालाच्या पुढंमागं केबलवर विलायती लीग दिसायला लागली आणि टपरीवरची भाषा बिघडली. आधी लोक ‘बाहेरचा प्लेअर’ म्हणायचे. आता ‘साइनिंग’ म्हणायला लागले. ‘औंदा आपली साइनिंग काय?’ असं विचारताना त्यांची मान ताठ व्हायची. जणू विलायतेतला कुणी मॅनेजर उत्तराची वाट बघत फोन धरून बसलाय. मंडळाचे म्होरके दोन. एक रिटायर झालेले गार्डसाहेब. उभं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेलं, पण मतं कायम इंजिनाच्या पुढं. दुसरा एसटीडी बूथवाला. मोबाइल आल्यापासून त्याचा धंदा बसला होता आणि त्याला बोलायला भरपूर वेळ मिळाला होता. नुसता वेळ असता तर चाललं असतं, पण सोबत मतंही होती.

क्लब तोवर वर्गणीवर चालायचा. मग एक वाळूवाले शेठ अध्यक्ष झाले. भीमेच्या पात्रात त्यांची यंत्रं चालायची, आमच्या गावासमोरही. आमच्या नदीला खड्डे पाडून आणलेल्या पैशातून हा गृहस्थ दौंडात दानशूर झाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मला त्याचा पहिल्या दिवसापासून तिटकारा होता आणि तो मी लपवलाही नाही. पण मी पडलो पाहुणा, माझं ऐकतो कोण.

शेठनी त्या उन्हाळ्यात तीन प्लेअर आणले. एक गोव्याचा, एक पुण्यात शिकणारा आफ्रिकेतला विद्यार्थी आणि एक पुण्याच्या कॅम्पातला तगडा स्टॉपर. तिघं पुण्याच्या शटल गाडीतून उतरले तेव्हा मंडळ प्लॅटफॉर्मवर हजर. पोटऱ्या बघितल्या, छात्या बघितल्या, चालवून बघितलं. चाकणच्या बैलबाजारात याहून सभ्य वागतात, तिथं निदान सौदा करणारे हात उपरण्याखाली असतात. त्या विद्यार्थ्याच्या रंगावरून गार्डसाहेब जे बोलले आणि बाकीचे ज्यावर हसले, ते मी इथं उतरवत नाही. तो पोरगा हिंदी समजत होता आणि मराठीही बहुतेक समजला. त्यानं नुसती बॅग खांद्यावर घेतली.

अडचण अशी की टुर्नामेंटच्या नियमाप्रमाणं बाहेरचे दोनच खेळाडू चालायचे. तिसऱ्याला खेळवायचं तर तो इथलाच आहे असं दाखवायला हवं. खेळाडूच्या ओळखकार्डावर फोटो लावायची पद्धत नव्हती, नाव सांगितलं की झालं. प्रत्येक क्लब हेच करायचा, त्यामुळं सगळ्यांचेच हात दगडाखाली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, तोवर हे चालणार होतं.

तिसऱ्याला नाव लागणार होतं आणि मंडळानं टपरीवर बसून ते ठरवूनही टाकलं होतं. स्टॉपरच्या जागी स्टॉपर. शेठ स्वतः क्वार्टरवर आले. दाजींचं ते शेवटचं वर्ष होतं. गुडघा बोलायला लागला होता, आणि यंदा खेळून थांबायचं असं त्यांनी ताईला सांगून ठेवलं होतं. क्लबानं फायनल कधीच जिंकली नव्हती. ती एकदा खेळून, जिंकून, मग बूट खुंटीला टांगायचे एवढीच त्यांची इच्छा. शेठला हे माहीत होतं. ते म्हणाले, ‘‘सुरवातीच्या मॅचेस त्याला तुमच्या नावावर खेळू द्या. फायनलला तुम्हीच. शब्द देतो.’’

दाजी हसले आणि बरं म्हणाले. ताईनं मला आत बोलावून विचारलं, नाव देतात म्हणजे नेमकं काय देतात?  दाजींचं नाव मी इथंही लिहिणार नाही. ते एकदा वाट्टेल त्यानं वापरून झालंय.

टुर्नामेंट सुरू झाली. चुन्याची फक्की मारलेलं मैदान, कडेला मंडप, भोंगा. भोंग्यावरचा माणूस दाजींचं नाव बापाच्या नावासकट आणि आडनावासकट पुकारायचा आणि मैदानावर तो कॅम्पातला बैल धावायचा. दाजी आमच्याबरोबर दोरीबाहेर उभे. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा त्यांचा पाय नकळत पुढं पडला, मग त्यांनी तो मागं घेतला.  गार्डसाहेब मात्र खुशीत, ‘‘फिटर, तुमी औंदा काय खेळताय!’’ म्हणून त्यांच्याच पाठीवर थाप मारत होते. दाजीही हसले. अशा विनोदावर हसणारा माणूस किती एकटा असतो ते मी त्या दिवशी बघितलं.

खेळ मात्र त्या स्टॉपरचा दांडगाईचा. कोपर, गुडघा, शिवी. टपरीवर त्याचं कौतुक काय सांगावं. ‘‘बघा, पैसा बोलतो,’’ एसटीडीवाला म्हणायचा. ‘‘फिटर लई सज्जन खेळायचा, त्यानं कुटं मॅच जिंकतात?’’ हे तो दाजींच्या देखत म्हणायचा, आणि दाजी त्याला चहाचा ग्लास पुढं करायचे. मी एकदा भांडलो. तुम्ही एकदा तरी उन्हात दहा मिनिटं पळून दाखवा, म्हटलं. तर गार्डसाहेब म्हणाले, पाहुण्यांना खेळातलं काय कळतंय, वडगावला बॉल गेला तर पोरं त्याला कलिंगड समजून कापतील. सगळे हसले. उंटावरून शेळ्या हाकणारी ती जात, तिला चीड येत नाही, फक्त हसू येतं.

सेमीफायनल आपण जिंकलो. पण शेवटाकडं रेफरीनं फाउल दिला म्हणून त्या स्टॉपरनं रेफरीला ढकललं आणि ते पडल्यावर वर लाथ घातली. रेफरी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, पिकल्या केसांचे. लाल कार्ड दाखवून होईपर्यंत तो पठ्ठ्या शर्ट काढून मैदानाबाहेर गेला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला, तो कायमचा. कमिटीनं निकाल दिला. ज्यानं हात उचलला त्याच्यावर बंदी. शिवाय त्यानं फायनलआधी मैदानात येऊन गुरुजींची माफी मागायची, नाहीतर क्लब बाद.

ज्यानं हात उचलला तो कागदोपत्री कोण होता, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. ताईनं खीर केली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि आम्ही वंदना करून नुकते बसलो होतो. शेठ, गार्डसाहेब आणि एसटीडीवाला दारात. सणाच्या दिवशी आलेल्यांना ताईनं वाट्या दिल्या. त्यांनी त्या चाटूनपुसून खाल्ल्या. शेठनी तर आणखी मागून घेतली. मग मिशा पुसून म्हणाले, की उद्या दाजींनी येऊन माफी मागावी. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

दाजींनी वाटी खाली ठेवली. ‘‘माफी मागितली म्हंजी मीच मारलं असं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘मग बंदी माझ्यावर. फायनलला मी कसा येणार?’’

‘‘ते आता कसं जमंल?’’ शेठ म्हणाले. ‘‘पण सत्कार करू ना. शाल, नारळ, सगळं.’’

ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, की खरं काय ते कमिटीला सांगून टाका. त्यावर गार्डसाहेब दुखावले. वहिनी, क्लब बाद होईल, म्हणाले. सगळी कॉलनी फिटरच्या तोंडात शेण घालंल. इतक्या वर्षांनी फायनल आलीय, ती एका माणसाच्या हट्टापायी घालवायची का? एका माणसाचा हट्ट! ज्यांनी नाव नेलं, नावानं लाथ घातली, ते निवांत, आणि हट्टी कोण, तर ज्याचं नाव तो. मला त्यांना उचलून बाहेर टाकावंसं वाटलं. त्या रिकाम्या वाट्यांकडं बघून मला खरोखर किळस आली. मी तसं बोललोही. दाजींनी नुसता हात वर केला, म्हणून गप्प बसलो.

माफी मागायला जाताना दाजींनी क्लबाची जर्सी घातली. त्या हंगामात पहिल्यांदाच. मैदान तुडुंब भरलेलं. भोंग्यावर त्यांचं पूर्ण नाव पुकारलं आणि या खेपेला त्या नावाचा माणूस खरंच मैदानात चालत गेला. गुरुजी खुर्चीवर बसले होते, कमरेला पट्टा. त्यांनी वर बघितलं. दाजींना ते पंधराएक वर्षं ओळखत होते. दाजी हात जोडायला लागले तर गुरुजींनी ते हात धरले.

‘‘हे तुम्ही करू नका,’’ ते म्हणाले. ‘‘ते तुम्ही नव्हता. मला डोळे आहेत.’’

मी दोरीला चिकटून उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. कमिटीचा सेक्रेटरी पेन उघडून तिष्ठत होता. मागून कॉलनीची पोरं ओरडत होती, लवकर आटपा, ऊन चढतंय. दाजींनी एकदा मैदानाकडं बघितलं. नुकतं पाणी मारलेलं होतं. मग सेक्रेटरीकडं वळून म्हणाले, ‘‘नाव माझंच हाय. लिहा.’’

टाळ्या पडल्या. माझ्या आजवरच्या आयुष्यात मी ऐकलेल्या सर्वांत घाणेरड्या टाळ्या.

फायनल मी बघितली नाही. दाजीही घरी आले, जर्सी काढून घडी घालून ठेवली आणि आडवे झाले. क्वार्टरपर्यंत आरडाओरडा ऐकू येत होता. आपण जिंकलो. संध्याकाळी गुलालाची मिरवणूक दारावरून गेली, ढोल, ट्रॅक्टरवर शेठ, आणि शिल्ड धरायला गार्डसाहेब. आमच्या दारापुढं ती थांबलीसुद्धा नाही. सत्काराचं पुढं कुणी काढलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. ताईनं त्या रात्री पहिल्यांदा क्लबाला शिव्या दिल्या आणि दाजी तिला म्हणाले, जाऊ दे, जिंकले ना. मला त्यांचाही राग आला. चांगुलपणालाही काही हद्द असावी.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दाजींचा गुडघा पुरता गेला होता. तरी ते संध्याकाळी टपरीवर जाऊन बसायचे. मी विचारलं, त्या लोकांत कशाला जाता? तर म्हणाले, ‘‘खेळाचं बोलणारी माणसं दुसरीकडं कुठं हायेत?’’  मग त्यांना आणायच्या निमित्तानं मीही जायला लागलो.

मंडळाचं चालूच होतं. शेठ यंदा दोन फॉरवर्ड आणि नवा स्टॉपर आणणार. स्टॉपर कुणाच्या नावावर खेळवायचा यावर खल सुरू झाला. एसटीडीवाला सहज म्हणाला, ‘‘फिटरचं नाव बाद झालं. बंदी उठलेली न्हाई अजून. ते काय कामाचं न्हाई.’’ दाजी शेजारीच बसले होते. दुकानातला एखादा पाना गंजला म्हणून बाजूला ठेवावा, तसा त्याचा सूर. मग गार्डसाहेबांची नजर माझ्यावर आली.

‘‘पाहुणं, तुमचं नाव तर अजून कुठंच लागलं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘राहायला बी कॉलनीतच. कोरं नाव हाय. द्या की औंदा.’’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजी बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही.

‘‘त्याचं नाव मिळायचं न्हाई.’’

गार्डसाहेब हसले. ‘‘अवो फिटर, तुमी तर हसत हसत दिलं हुतं.’’

‘‘व्हय,’’ दाजी म्हणाले. ‘‘म्हणूनच सांगतोय.’’

 मग एसटीडीवाल्यानं घसा खाकरला आणि गोलकीपर कुठला आणायचा तो विषय काढला.