वरच्या फळीवरचा रेझर

बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसाला बाहेर काढलं की तो पहिलं काय बोलेल याचा नेम नसतो. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी लिफ्ट कंपनीचा उद्धार करतं. दातांचे डॉक्टर बाहेर आले, शर्टाची बाही झटकली आणि म्हणाले, "तुम्ही दाढी कशाने करता हो?"

लिफ्टवाल्याला वाटलं, आत कोंडून माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याने हातातली दार उघडायची किल्ली खिशात टाकली आणि नकळत कॉलर वर ओढली. गळ्याला लाल पुरळ होतं. तीन पात्यांचा प्लास्टिकचा रेझर, गार पाणी, अंगाचाच साबण आणि वर दिवसभर शाफ्टमधली धूळ. त्याच्या गळ्याची रोज सालं निघत.

"दातांबरोबर गळाही बघता का, डॉक्टर?"

"गळा नाही बघत. पण वाईट दाढी बघवत नाही. रविवारी सकाळी या आमच्याकडे. कोपऱ्यावरच्या सलूनच्या वरच्या खोलीत. आम्ही काही जण जमून जुन्या पद्धतीने दाढी करतो. ब्रश, साबण, एक पातं."

"जमून?"

"जमून."

घरी हे सांगितलं तर बायको पोट धरून हसली. "फेस काढायला माणसं जमतात? मग आपल्याकडे बोलाव की. सिंकमध्ये भांडी पडलीयेत."

बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "रेझर चांगला बघून घे. चल, जुन्या बाजारात बघू."

बाबांनी असं म्हणणं जरा गमतीचंच होतं, कारण बाबांना छातीपर्यंत दाढी. अजूनही ज्या काचेच्या दुकानात जात, तिथे फिटर म्हणून लागले, त्या सुरुवातीच्या काळात एक मोठी काच हातातून निसटली आणि कानापासून हनुवटीपर्यंत ओरखडत गेली. टाके पडले, वण राहिला, त्यावर दाढी आली. तिथून पुढे बाबांच्या चेहऱ्याला पातं लागलं नाही.

जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या कुलपांच्या आणि चमच्यांच्या ढिगातून बाबांनीच तो रेझर उचलला. काळवंडलेला, मुलामा उडालेला. त्यांनी दांडा डोळ्यासमोर आडवा धरला, जसे ते दुकानात पट्टी सरळ आहे का बघत. "पितळ आहे. वाकलेला नाही. घे." घरी आल्यावर काचेवरचे ओरखडे घालवायची पावडर फडक्यावर घेऊन ते जेवण होईपर्यंत तो घासत बसले. ताटाशेजारी आणून ठेवला तेव्हा रेझर ओळखू येत नव्हता.

असा रेझर घेऊन लिफ्टवाला रविवारी वरच्या खोलीत गेला.

खोली छोटी. एक लांब बाक, बाकासमोर पारा उडालेला आरसा, गरम पाण्याची किटली आणि भिंतीवर दोन फळ्या. नियम कुणी लिहून लावला नव्हता, पण होता. घराण्यातून हातोहात आलेली वस्तू वरच्या फळीवर, विकत घेतलेली खालच्या. आणि नव्या माणसाने आपण ह्या नादाला कसे लागलो ते सांगायचं, मगच साबण लावायचा.

रिटायर झालेल्या पोस्टमनकाकांकडे त्यांच्या आजोबांचा उघडा वस्तरा होता. त्यांनी तो कसा मिळाला ते सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. बेकरीवाल्याकडे त्याच्या मामाचा ब्रश होता. मामा जहाजावर होता. डॉक्टर हात झटकत म्हणाले, "माझा दुकानातला. मी खालचा." आणि सगळे हसले.

मग लिफ्टवाल्याची पाळी आली. त्याचं वाक्य तयार होतं. डॉक्टर अडकले, माझं पुरळ त्यांना दिसलं, आलो. पण वस्तरा आणि जहाज ऐकल्यावर ते वाक्य त्याला फार फाटकं वाटायला लागलं. हातात रेझर तर असा चमकत होता, की पोस्टमनकाकांनीच विचारलं, "वडिलांचा वाटतं?"

"हो," तो म्हणाला.

"राखलाय छान. वापरातला रेझर माणूस जिवंतपणी देत नाही कुणाला. कधी गेले?"

आता दोन गोष्टी दुरुस्त करायच्या होत्या. त्याने एकही केली नाही. मान खाली घातली. बेकरीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. काका, तुम्ही पण लगेच काय विचारता?"

लिफ्टचं दार मिटत असताना मध्ये नुसता हात धरला तरी ते परत उघडतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दार पूर्ण मिटेपर्यंत तो बघत उभा राहिला. सलूनवाल्याने रेझर दोन्ही हातांनी घेतला आणि वरच्या फळीवर, वस्तऱ्याशेजारी ठेवला.

गळ्याचं पुरळ गेलं. हात बसला. खरं तर हात आधीपासूनच बसलेला होता, पण ती गोष्ट त्याने तिथे कधी काढली नाही.

शाळेत असताना त्याला मिशा फुटल्या, तेव्हा इतर मुलांचे बाप बेसिनपाशी उभे राहून शिकवत. बाबांनी त्याला दुकानात नेलं. एका मोठ्या आरशासमोर उभं केलं आणि आरशातल्या त्याच्या गालांना साबणाचा फेस फासला. काचेवर. मग काचा खरवडायचं पातं त्याच्या हातात दिलं. "गालावर फेस आहे असं समज. पातं वाकव. अजून. दाबू नकोस, त्याच्या वजनाने जाऊ दे. कोन बरोबर झाला की आवाज बदलतो. ऐक." फेस निघत गेला आणि खालून त्याचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांनी उघडा होत गेला. दुकानातली माणसं फिदीफिदी हसत होती. त्याला तेव्हाही लाज वाटली होती.

आता रविवारी बेकरीवाला त्याच्यासाठी आठवणीने गरम ब्रेड आणायचा. पोस्टमनकाका म्हणायचे, "बाप नसला की पाठीमागची भिंत गेल्यासारखं वाटतं. मला विचार." तो ब्रेड घ्यायचा, मान हलवायचा. घरी आला की बाबा हनुवटी वर करायला लावायचे. "बघू. वा. आता माणसात आलास." त्या हाताखाली मान ताठ धरून उभं राहताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. पुढच्या रविवारी सांगून टाकू, असं तो जिन्यात ठरवायचा आणि वर गेलं की किटलीत पाणी भरायला घ्यायचा.

मग सलूनवाल्याच्या मनात आलं की ह्या डागाळलेल्या आरशात पुढारलेली मंडळी शोभत नाहीत. "नवा सांगितलाय," त्याने जाहीर केलं. "एवढा मोठा, की सगळे एकदम दिसू."

रविवारी सगळे बाकावर ओळीने बसले होते, तोंडाला फेस लावून. रेझर अजून फळीवरच होते. जिन्यात पावलं वाजली, कुणीतरी "जरा तिरका, तिरका घे" म्हणालं. आवाज बाबांचा होता.

आरशाचं एक टोक टेम्पोवाल्याने धरलं होतं, दुसरं बाबांनी. टेकवून झाल्यावर टेम्पोवाला खाली गेला. लिफ्टवाल्याने ब्रश पुन्हा वाटीत घोळला आणि फेस कानापर्यंत, मग डोळ्यांच्या खालपर्यंत चढवला. शेजारून डॉक्टर म्हणाले, "अहो, कपाळाला पण करणार का?"

बाबांनी जुना आरसा उतरवला, भिंतीवर खुणा केल्या, ड्रिल लावलं. सलूनवाला म्हणाला, "काका, त्या वरच्या फळीला धक्का नको हं. वडिलोपार्जित माल आहे."

बाबांनी वर पाहिलं. वस्तरा, ब्रश, आणि मध्ये तो रेझर. आपल्या हाताने घासलेली वस्तू माणूस ओळखतोच.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या लिफ्टवाल्याच्या वडिलांचा," पोस्टमनकाका म्हणाले. "गेले बिचारे. पोराने बघा कसा जपलाय."

नवा आरसा भिंतीला टेकलेला होता आणि त्यात पांढऱ्या तोंडांची ती सगळी ओळ दिसत होती. बाबांनी वळून पाहिलं नाही. आरशातच पाहिलं. फेस सगळं झाकतो, डोळे झाकत नाही. ते दोन डोळे त्यांना सापडले.

"कशाने गेले?" बाबांनी विचारलं.

"नका विचारू," बेकरीवाला म्हणाला. "त्याला बोलवत नाही."

"वाईट झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी दोन स्क्रू ओठांत धरले. ओठांत स्क्रू असले की माणसाला बोलावं लागत नाही.

आरसा चढला. काचेवर ठिकठिकाणी कागदाची लेबलं आणि डिंकाचे डाग होते. बाबांनी सलूनवाल्याच्या वाटीतला जरासा फेस मागून घेतला, डागांवर लावला आणि पातं तिरकं धरून ओढलं. सर्र आवाज आला. कागद सालीसारखा सुटला.

"काय हात आहे," पोस्टमनकाका म्हणाले. "दाढी राखण्याआधी झकास करत असाल."

"नाही आठवत आता. मुलाला शिकवली तेवढीच."

"न करता शिकवली?"

"आरशावर."

"आणि आली त्याला?"

बाबांनी पातं फडक्याला पुसलं. "आली. हात चांगला आहे त्याचा."

"असतो कुठे?"

"असतो इथेच," बाबा म्हणाले, आणि एक लेबल तसंच ठेवून हत्यारं गोळा करायला लागले.

लिफ्टवाल्याच्या गालांवरचा फेस सुकत चालला होता, कातडी आवळत होती. बोलायला तोंड उघडलं असतं तर तो तडकला असता असं त्याला वाटलं. नुसती एक हाक मारायची होती. रोज घरात शंभरदा मारतो ती. पण समोर सगळे होते आणि सगळ्यांनी इतके महिने त्याला ब्रेड खाऊ घातला होता.

बाबांनी खिडकीतून खाली हाक मारली. टेम्पोवाल्याचा पत्ता नव्हता. त्यांनी जुन्या आरशाचं एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे बघत उभे राहिले. आरसा एकट्याच्याने हलणारा नव्हता. सलूनवाला उठतो न उठतो, तोच लिफ्टवाला उठला, गळ्यातल्या टॉवेलसकट.

"धरतो," तो म्हणाला.

"बस तू. फेस वाळला," बाबा हळूच म्हणाले. ते 'तू' खोलीभर ऐकू गेलं असावं.

जिन्यात बाबा खालच्या बाजूला, उलटे उतरत होते.

"बाबा, मी..."

"पायरी बघ."

रस्त्यावर येणारेजाणारे वळून बघत होते. दाढीवाला म्हातारा आणि तोंडाला फेस फासलेला बाप्या, मधे आरसा. टेम्पोत आरसा आडवा ठेवून बाबांनी त्याखाली पोतं सारलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मी गेल्याला."

"पहिल्या दिवसापासून."

बाबा दोरी आवळत होते. गाठ बसली तरी आवळत राहिले. "मी तो घासून दिला, तेव्हा होतो ना?"

"होतात."

"मग ठीक आहे."

ठीक काहीच नव्हतं. तो म्हणाला, "वर चला. मी सांगतो सगळ्यांना."

"नको. आत्ताच गेलोय मी. लगेच उठून आलो तर घाबरतील बिचारे." हे ते नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाले, पण नेहमी चेष्टा करून ते त्याच्याकडे बघत, तसं ह्या वेळी बघितलं नाही. टेम्पोवाला चहा पिऊन आला. बाबा पुढे बसले. "तोंड धुऊन टाक. आग होईल," एवढं म्हणाले आणि टेम्पो गेला.

लिफ्टवाला वर गेला तेव्हा कुणाचीच दाढी झालेली नव्हती. खिडकी उघडी होती. बेकरीवाला टॉवेलची घडी घालत होता, मोडून पुन्हा घालत होता. लिफ्टवाल्याने वरच्या फळीवरून रेझर उचलला आणि खालच्या फळीवर ठेवला. डॉक्टरांनी आपला बाजूला सरकवून जागा केली.

"हा जुन्या बाजारातला आहे," तो म्हणाला. "डॉक्टर लिफ्टमध्ये अडकले होते. माझ्या गळ्याला पुरळ होतं. म्हणून आलो."

"आणि दाढी शिकवली कुणी?" पोस्टमनकाकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

"आत्ता आरसा लावून गेले ते. माझे वडील."

ह्या वेळी कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. पोस्टमनकाकांनी वस्तरा काढला, न वापरताच पुसला आणि परत ठेवला. "चहा तरी विचारायचा होतास रे त्यांना," ते म्हणाले.

नव्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात बाबांनी सोडून दिलेलं लेबल होतं. बाबा कधी काच अशी अर्धवट टाकून जात नसत. लिफ्टवाला गुडघ्यावर बसला. स्वतःच्या गालावरचा सुकलेला फेस त्याने पाण्यात बुडवलेल्या बोटाने ओला केला, तोच कागदाला लावला, आणि नवं पातं दोन बोटांत धरून वाकवलं. आवाज नीट येईना. त्याने अजून वाकवलं.