मिनजीच्या नव्या पापण्या

"डोळे मीट ना, टाके बघू दे," वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, आणि मिनजी मुकाट्याने डोळे मिटून उभी राहिली. कोरियातल्या मुलींच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तिथली ही माझी विद्यार्थिनी. हिवाळ्याच्या सुट्टीत आईने तिला पापण्यांचं ऑपरेशन भेट दिलं होतं. सपाट पापण्यांवर आता एक नाजूक घडी आली होती. अजून सुजलेली. मुली आळीपाळीने वाकून बघत होत्या. कुणी हसत नव्हतं. ज्या बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत हेवा होता.

वर्ग रिकामा झाल्यावर मी तिला म्हटलं, "तुझे आधीचे डोळे मला फार आवडायचे."

"टीचर, तुम्ही तुमच्या देशात परत जाल," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मला इथेच नोकरी शोधायची आहे. अर्जावर फोटो लावावा लागतो." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे चेहरा बघत नाहीत?"

मला माझी धाकटी बहीण आठवली. बघायला आलेली मंडळी गेली, की ती मोरीत बसून मान आणि कोपरं घासायची, लाल होईपर्यंत. आई बाहेरून डाळीचं पीठ द्यायची. प्रेमानेच द्यायची. मिनजीच्या आईनेही काही वेगळं केलं नव्हतं.

"बघतात," मी म्हटलं.

मिनजीने मान डोलावली. बोटांनी जबडा चाचपत म्हणाली, "उन्हाळ्यात याचं ऑपरेशन करायचंय. आई म्हणते, ते जास्त दुखतं."