घोंगडीतला डबा

कोल्हापूरचा स्टँड दिसला आणि मी बसमध्येच उभी राहिले. लोक इथं अंबाबाईला येतात, मी आले होते परम्याचे जंतू न्यायला! या गुप्तरोगावर कुठलं औषध अजून चालतं, हे आमची पुण्याची प्रयोगशाळा तपासायची. नमुने आणायची माझी ही पहिलीच फेरी.

शाहूपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अडचण सांगितली. उचगावच्या एका ट्रक ड्रायव्हरला नेहमीच्या गोळ्या दोनदा देऊनही गुण नव्हता. त्याच्या बायकोलाही लागण झालेली, आणि तिला सातवा महिना. बाळंतपणाआधी योग्य औषध मिळालं नाही, तर बाळाच्या डोळ्यांवर बेतणार. मी ड्रायव्हरचा नमुना काचेच्या बशीत पसरला, बशी डब्यात ठेवली, सोबत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावलं. मेणबत्ती विझली की आतली हवा या जंतूंना मानवते. मग ऐटीत तांबडा-पांढरा (मटणाचे दोन रस्से) ओरपायला गेले.

परतले तर डबा गायब! दवाखान्यातल्या शिवाप्पांनी हसत फ्रीज उघडला. "बर्फात ठिवलाय की! डेअरीत दुधाचा नमुना आमी असाच धाडायचो."

"अहो, थंडीनं मरतात हे जंतू!" मी ओरडलेच.

शिवाप्पांचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं ताई. आत्ता त्या डायवरला घिऊन येतो," म्हणत त्यांनी सायकल काढली.

तासभर माझा जीव टांगणीला. ड्रायव्हर आला तो धुसफुसतच. "पुन्ना? ह्यो काय खेळ हाय व्हय?"

शिवाप्पांनी हात जोडले. "पावणं, चूक माजी हाय. तुमच्या लेकराला भोगाय लावू नगा."

तो पुन्हा नमुना द्यायला आत गेला.

परतीच्या बसमध्ये डबा माझ्या मांडीवर, शिवाप्पांच्या घोंगडीत गुंडाळलेला. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय हाय गं त्यात?"

"गारठा लागता कामा नये असं काहीतरी."

"मग पदराखाली घे की!"

घेतला. पुण्यापर्यंत मी हलले नाही.

जंतू जगले! त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर गोळीच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले, इंजेक्शनच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ मोकळं रिंगण, तिथं एकही जंतू वाढला नव्हता. मी टुणकन उडीच मारली आणि फोनकडे धावले. नवरा-बायको दोघांनाही त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं.

त्या घोंगडीला पुढे कितीतरी दिवस मेणाचा वास येत होता. आयुष्यात खूप सामान वाहिलं, पण इतक्या मायेनं कुठलंच नाही, तेही रोगाचे जंतू! दोन-अडीच महिन्यांनी शिवाप्पांचा फोन आला.

"ताई, पोरगी झाली. डोळं कसं टपोरं हायती! आन् माजी घोंगडी कवा आनताय?"

पुढची फेरी मी भांडून मागून घेतली.